शंभर टक्क्यांचं हायस्कूल

उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक लिहिला, सही केली आणि पेनाला टोपण लावलं, ते साडेअकरा वाजले तरी काढलं नाही.

दहावीचा पहिला पेपर, मराठीचा. केंद्र दुसऱ्या शाळेत होतं. वर्गावर एक बुटक्या बाई होत्या, चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेला. दोनदा माझ्या बाकाजवळून गेल्या, तिसऱ्यांदा थांबल्या.

"बरं वाटत नाही का?"

"बरं आहे, बाई."

"मग लिहीत का नाहीस? अवघड आहे पेपर?"

"नाही. सोपा आहे."

सोपा होताच. निबंधाला दिलेले सगळे विषय माझे सहामाहीपासून तयार होते. व्याकरणाचे प्रश्न वाचता वाचताच सुटत होते, आणि ते सुटू नयेत म्हणून मी प्रश्नपत्रिका पालथी घालून ठेवली होती.

बाईंनी माझं हॉलतिकीट उचलून पाहिलं. शाळेचं नाव वाचल्यावर म्हणाल्या, "तुमच्या हायस्कूलचा तर शंभर टक्के निकाल लागतो."

"हो, बाई."

"घाबरलीस. पहिल्या पेपरला होतं असं. दोन मिनिटं डोळे मिटून बस, आठवेल सगळं."

त्यांनी मला पाणी आणून दिलं. मी ते प्यायले. एक वाजता त्या पुन्हा आल्या आणि खाली वाकून अगदी हळू म्हणाल्या, "निदान पत्र तरी लिही गं. पास होण्यापुरतं तरी."

त्या अनोळखी बाईंचा जीव तुटत होता आणि माझ्या पोटात मात्र एक गार, शांत आनंद पसरत होता. घंटा झाल्यावर मी कोऱ्या पानांवर एकेक तिरपी रेघ मारली. पानं कोरी राहिली तर रेघ मारायची असा नियम होता, आणि नियम मोडायचा माझा काही विचार नव्हता.

ही मार्च सत्त्याण्णवची गोष्ट. मी सोळा वर्षांची होते, आणि त्या वर्षी मी बोर्डात येणार असं अख्खं हायस्कूल धरून चाललं होतं.

मराठी मी मुद्दाम निवडलं होतं. बीजगणित कोरं सोडलं असतं तर भूमितीच्या गुणांनी मला वाचवलं असतं. इतिहासाचं आणि भूगोलाचं तेच. मराठीचा शंभर गुणांचा एकच पेपर; तो गेला की गेलं. शिवाय मराठी आम्हाला मोहोळकर सर शिकवायचे.

सोलापूरच्या पूर्व भागात आमचं हायस्कूल म्हणजे एक गावच होतं. साडेतीन हजार मुलं, दोन पाळ्या, तीन इमारती. मराठी, तेलुगू आणि उर्दू अशी तीन माध्यमं. टेक्निकलची मुलं पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडावर कानशी घासत, तो आवाज आम्हाला भूगोलाच्या तासाला ऐकू यायचा. वरच्या मजल्यावर अकरावी-बारावीचं विज्ञान आणि वाणिज्य, खाली व्यवसाय अभ्यासक्रम. तिथं मुलं मोटार वाइंडिंग शिकत आणि मुली बालवाडी चालवायला. नववी-दहावीच्या मराठी माध्यमाच्या तुकड्या अ पासून ह पर्यंत. अ म्हणजे गुणवत्ता तुकडी. तिला नव्या इमारतीतली खोली, पंखे, आणि रविवारीसुद्धा तास. ह तुकडी जिन्याखालच्या खोलीत बसायची.

मोहोळकर सर उपमुख्याध्यापक होते. गुणवत्ता तुकडी ही त्यांचीच कल्पना. खोटं का बोलू, त्यांच्याइतकं चांगलं मराठी मला पुन्हा कुणी शिकवलं नाही. आमच्या घरी तेलुगू. शब्दांचं लिंग माझं सारखं चुकायचं, मी 'तो खुर्ची' म्हणायचे. वर्ग हसायचा, सर हसायचे नाहीत. "ती, म्याकल. ती खुर्ची," एवढंच, आडनावानं हाक मारून, म्हणायचे आणि पुढं शिकवायचे. स्वतःचा शब्दकोश त्यांनी मला वर्षभर घरी वापरायला दिला होता. फाटकाजवळ एक हिरवा फलक होता, त्यावर पांढऱ्या रंगात 'सलग दोन वर्षे शंभर टक्के निकाल' असं लिहिलेलं. तिसऱ्या वर्षीही लागला की सर मुख्याध्यापक होणार, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

नागमणी दासरी नववीला ह तुकडीत होती. तिचं आणि माझं घर भिंतीला भिंत लागून, पुढं ओटा एकच. पहिलीपासून आम्ही एका छत्रीत शाळेत गेलो. तिचे वडील माझ्या वडिलांसारखेच मागावर टॉवेल विणायचे; तिची आई आणि माझी अम्मा समोरासमोर बसून विड्या वळायच्या. अम्मा मला विडीचं सूप मांडीवर घेऊ देत नसे, माझ्या हाताला तंबाखूचा वास लागू नये म्हणून. नागमणी मात्र शाळेतून आली की सूप घ्यायची आणि वळता वळता माझ्याकडून धडे वाचून घ्यायची. एकदा ऐकलेलं विसरायची नाही. फक्त बीजगणिताशी तिचं जमायचं नाही.

"एक्स म्हणजे कोण गं?" ती म्हणायची. "कधी भेटला नाही, बघितला नाही. त्याची किंमत मी का सांगायची?"

नववीचा निकाल लागला त्या दिवशी तिच्या वडिलांना शाळेत बोलावणं आलं. परत आले ते खुशीत. हातात शाळा सोडल्याचा दाखला होता आणि त्यावर 'उत्तीर्ण' असा शिक्का.

"पास झाली पोरगी," ते अम्माला म्हणाले. "सर लई चांगले. म्हणाले, गणितात खरं तर नापासच होती, तरी पास करून दाखला देतो. दहावी इथं झेपायची नाही तिला, बाहेरून बसवा. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा. पेपर तेच, सर्टिफिकेट तेच. शाळेत रोज जायची पण गरज नाही."

"कुठं सही केली का?" मी विचारलं.

"केली की. सत्तावीस पोरांचे आईबाप होते, सगळ्यांनी केली."

नागमणी ओट्यावर बसून माझ्याकडं बघत होती, हे मला आठवतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या दिवशी ती गणवेश धुऊन, वेण्या घालून माझ्याबरोबर आली. दाखल्याचा अर्थ तिला कळला नव्हता असं नाही. पण शाळेच्या फाटकात गेल्याशिवाय तिला तो खरा वाटत नव्हता. शिपायानं तिला अडवलं. मला जाऊ दिलं. मी दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गातून बघत होते. ती फाटकाबाहेर, उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी मधल्या सुट्टीपर्यंत उभी होती. पहिले दोन तास मोहोळकर सरांचे होते. मी खाली गेले नाही.

फॉर्मसाठी ती जुलैत ऑफिसात गेली. ऑगस्टमध्ये या म्हणाले. ऑगस्टमध्ये क्लार्क रजेवर होता. सप्टेंबरमध्ये गेली तर तारीख उलटून गेली होती. शेवटी मीच सरांकडं गेले. ते आमच्या वह्या तपासत होते.

"सर, नागमणी दासरीचा सतरा नंबरचा फॉर्म राहिला. ऑफिसनं तारीख सांगितली नव्हती."

"पुढच्या वर्षी भरेल." त्यांनी मान वर केली नाही.

"तिचं वर्ष जाईल, सर."

"म्याकल." आता त्यांनी पेन खाली ठेवलं. "ती सत्तावीस मुलं इथून परीक्षेला बसली असती तर त्यातली किती पास झाली असती? दहा? बारा? बाकीच्यांचं तू काय करणार होतीस? या शाळेला गेली शंभर वर्षं विणकरांची शाळा म्हणून हिणवलं गेलं. आज शहरातल्या डॉक्टरांची मुलं इथं प्रवेश मागतात. ते फुकट होत नाही. तू तुझं बघ. या गोष्टीत तू डोकं घालायचं नाहीस."

रागानं बोलले असते तर कदाचित मी विसरले असते. ते समजावून सांगत होते, तो खुर्ची नाही, ती खुर्ची, तसं. मी "हो सर" म्हणाले आणि वर्गात येऊन बसले. त्या तासाला मी ठरवलं. नंतर सहा महिने मी त्यांच्या प्रत्येक तासाला पहिल्या बाकावर बसले, प्रत्येक प्रश्नाला हात वर केला, सराव परीक्षेत मराठीत शंभरपैकी ब्याण्णव मिळवले. त्यांनी माझा निबंध सगळ्या तुकड्यांतून वाचून दाखवला. मी जितकी चमकेन तितकं ते माझ्यावर विसंबणार होते, आणि मला तेच हवं होतं.

मराठीनंतरचे सगळे पेपर मी मन लावून लिहिले. गणितात दीडशेपैकी एकशे सत्तेचाळीस पडले. निकालाच्या दिवशी शाळेनं हलगीवाले बोलावले होते. मैदानात मांडव घातला होता. दुपारी बोर्डाकडून गठ्ठा आला, सर तो घेऊन आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. हलगीवाले मांडवाच्या सावलीत बसून राहिले. मग क्लार्क येऊन त्यांना काहीतरी म्हणाला आणि ते उठून गेले.

तीनशे बारा मुलं बसली होती. तीनशे अकरा पास. फलकावर नंतर खडूनं लिहिलेला आकडा मला अजून पाठ आहे: नव्याण्णव पूर्णांक अडुसष्ट.

मी मैदानाच्या कडेला उभी होते. मुलं माझ्याकडं बघत होती आणि बाजूला होत होती. कुणीतरी रडत होतं, बहुधा आमच्याच तुकडीतली कुणी. मला रडू येईल अशी मला भीती होती, पण आलं नाही. मी सर आत गेले त्या ऑफिसच्या बंद दाराकडं बघत उभी राहिले; ते दार मी एकटीनं बंद केलं होतं.

घरी नायनांनी, माझ्या वडिलांनी, मला मारलं नाही. ते जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी मागावर गेले ते माझ्याशी एक शब्द न बोलता. अम्मा सारखं विचारत राहिली, "नजर लागली का गं कुणाची?" मी कुणालाच काही सांगितलं नाही. मी वाट बघत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी सर आले.

उपमुख्याध्यापक आमच्या गल्लीत कधी आले नव्हते. बायका दारात आल्या. सरांनी ओट्यावर चपला काढल्या, आत येऊन लोखंडी खुर्चीवर बसले. शेजारी ओट्यावर नागमणी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. दार उघडं होतं. तिला सगळं ऐकू येत होतं, आणि यावं अशीच माझी इच्छा होती.

सरांनी पिशवीतून एक कागद काढला. "गुणपडताळणीचा अर्ज आहे. मी भरलाय सगळा, तू फक्त सही कर. मराठीत शून्य म्हणजे बोर्डाचा घोळ आहे. उत्तरपत्रिकांची अदलाबदल झालीय. मी स्वतः पुण्याला घेऊन जातो."

रात्रभर झोपले नसावेत. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं. अम्मानं चहा आणून ठेवला. त्यांनी पेन माझ्यापुढं धरलं.

"घोळ नाही, सर," मी म्हणाले. "मी लिहिलंच नाही."

"म्हणजे?"

"पेपर कोरा दिला."

माझं मराठी त्यांना कळलं नाही असं त्यांच्याकडं बघून वाटलं. "चक्कर आली होती?"

"नाही."

"कुणी काही बोललं? धमकावलं?"

"नाही, सर. तीनशे बारांत एक. तेवढं पुरतं."

मग त्यांना कळलं. कळत कळत गेलं. पेनाला टोपण लावायला गेले ते दोनदा चुकलं. मी त्यांच्या तोंडावरून नजर हलवली नाही. वर्षभर मी या एका क्षणासाठी जगले होते आणि तो मी सावकाश घेतला, एक घोट एक घोट. आज एवढ्या वर्षांनीही ती दुपार आठवली की मला बरं वाटतं, हे मी लपवत नाही.

"कशासाठी?" त्यांनी विचारलं.

"नागमणीसाठी." मी मोठ्यानं म्हणाले. "तिचं वर्ष तुम्ही घेतलंत. तुमचं तिसरं वर्ष मी घेतलं."

बाहेर नागमणीच्या पानं कापायच्या कात्रीचा आवाज थांबला.

सरांनी चहाची कपबशी उचलली, एक घोट घेतला आणि ज्या आवाजात शिकवायचे त्याच आवाजात बोलले.

"नागमणी दासरी, ह तुकडी. ती माझ्या यादीत नव्हती, म्याकल. माझी नावं सव्वीस होती. सत्ताविसावं कुणी घातलं, आठवतं?"

मला आठवत होतं. त्या एका गोष्टीशिवाय दुसरं काही मला वर्षभर आठवतच नव्हतं.

नववीच्या फेब्रुवारीत सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं होतं. एक खाडाखोड केलेला कागद दिला आणि म्हणाले, तुझं अक्षर चांगलं आहे, ही यादी स्वच्छ लिहून काढ. वर 'विशेष मार्गदर्शन' असं लिहायला सांगितलं. मला वाटलं, कच्च्या मुलांना जादा तास मिळणार. तुकडीवार, हजेरीच्या क्रमानं मी सव्वीस नावं लिहिली. शेवटी मी त्यांना विचारलं, "सर, नागमणी दासरीचंही नाव घालू का? तिला बीजगणित जड जातं." सरांनी माझ्याकडं पाहिलं. मला सांगायला त्यांना एक वाक्य पुरलं असतं. ते म्हणाले, "घाल." मी घातलं. खूश होऊन घातलं, मैत्रिणीचं भलं केलं म्हणून.

ती जेमतेम का होईना, पास होणारी होती. तिला कुणी काढणार नव्हतं.

"तिला सांगितलंस?" सरांनी विचारलं.

मी दाराकडं बघितलं. ते उठले. अर्ज खुर्चीवर तसाच राहिला. "चहा चांगला होता, बाई," असं अम्माला म्हणाले, चपला घातल्या आणि गेले. नागमणीजवळून जाताना त्यांनी तिच्याकडं बघितलं की नाही, मला दिसलं नाही.

मी ओट्यावर आले. नागमणी पुन्हा वळायला लागली होती.

"नागमणी."

"बोल. पानं सुकतील माझी."

"मला वाटलं होतं, जादा तास आहेत."

"माहीत आहे."

"म्हणजे?"

"नायना सही करताना मी शेजारी उभी होते. यादी टेबलावर होती. तुझं अक्षर मला कळत नाही होय? सगळी नावं हजेरीनं लावलेली, माझं तेवढं खाली, सगळ्यांच्या शेवटी. सरांना मी कोण हेसुद्धा माहीत नव्हतं. तुझ्याशिवाय कोण घालणार?" तिनं विडीचं तोंड दुमडलं आणि ती जुडीत ठेवली. "तू वाईट हेतूनं केलं असशील असं मला एक दिवसही वाटलं नाही. मी वाट बघायलीय, तू येऊन सांगशील म्हणून. चौदा महिने झाले. रोज इथं येऊन बसायचीस. सांगितलं नाहीस."

"मला तोंड नव्हतं."

"तोंड नव्हतं म्हणून हे केलंस?"

"तुझ्यासाठी केलं."

तेव्हा तिनं सूप बाजूला ठेवलं. ती ओरडली नाही. तिचा आवाज इतका खाली गेला की मला पुढं वाकावं लागलं.

"माझ्यासाठी? मला तो पेपर मिळाला असता ना, अनू, तर मी जागेवरनं उठले नसते. चुकत का होईना, शेवटच्या ओळीपर्यंत लिहिला असता. मला फाटकातनं आत सोडलं नाही. तुला सोडलं, बाकावर बसवलं, आणि तू रेघा मारून आलीस. तुझ्याकडं टाकायला होतं म्हणून टाकलंस. वर माझं नाव घेतलंस, त्यांच्यासमोर."

मी काहीतरी बोलायला गेले. तिनं हात वर केला.

"आता ऐक. तुझं वर्ष तर गेलंच. ते मला दे."

"कसं?"

"ऑक्टोबरची परीक्षा द्यायची नाही. ते येतील फॉर्म घेऊन, भरायचा नाही. या वर्षी सतरा नंबरचा माझा फॉर्म मी भरणार, तारखेच्या आधी, आणि मार्चला दोघी बसू. तोवर रोज सकाळी इथं यायचं. पानं तू कापायचीस, गणितं मी करणार. माझ्याआधी तू दहावी व्हायची नाहीस."

"आणि मग?"

"मग बघू," ती म्हणाली आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

ऑगस्टमध्ये तिनं फॉर्म भरला. त्याच हायस्कूलच्या ऑफिसात, त्याच क्लार्कपुढं. पावती हातात पडेपर्यंत ती खिडकीवरून हलली नाही. सप्टेंबरमध्ये सरांनी माझ्यासाठी ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म शिपायाबरोबर पाठवला. नापास झालेली मी अजून शाळेची होते. माझा फॉर्म शाळा घरपोच पाठवत होती. मी तो परत पाठवला. त्या रात्री नायनांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलायला तोंड उघडलं आणि जे बोलले ते मी इथं लिहिणार नाही.

दहा महिने मी पानं कापली. पहिल्या आठवड्यात कात्रीनं अंगठ्याला फोड आले. नागमणीनं ते बघितले आणि पानांचा पुढचा गठ्ठा माझ्यापुढं सरकवला. मी मोठ्यानं उदाहरण वाचायचे, ती वळता वळता तोंडी सोडवायची. चुकली की विडी सोडून पुन्हा वळायची, जणू चूक तिथंच झाली होती. एक्सला ती डिसेंबरात भेटली. "असा होय," म्हणाली, आणि त्या दिवशी तिनं लागोपाठ अकरा समीकरणं सोडवली. मला इतका आनंद झाला की मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं खांदा हलवून तो काढला आणि म्हणाली, "पुढचं वाच."

अभ्यासाशिवाय ती माझ्याशी एक शब्द बोलत नव्हती. मला वाटायचं, राग आहे, उतरेल. निकाल लागला की उतरेल.

शाळेचं म्हणाल तर मोहोळकर सर मुख्याध्यापक झाले नाहीत. बाहेरून दुसरे आले. सर दोन वर्षं उपमुख्याध्यापकच राहिले आणि तसेच निवृत्त झाले. तेवढं मी मिळवलं. पण आमच्या परीक्षेनंतरच्या एप्रिलमध्ये नव्या मुख्याध्यापकांनी नववीतून सत्तावीस नाही, चौसष्ट मुलांना दाखले दिले. एकही कोरा पेपर पुन्हा परवडणार नव्हता. त्यातली पाच आमच्या गल्लीतली. पुढं फलकावर पुन्हा शंभर टक्के लागले, आणि त्या पाच घरांपुढून जाताना मी मान वर करत नसे.

अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये आमचा निकाल लागला. मराठीत मला एक्क्याऐंशी मिळाले. नागमणीला एकूण एक्कावन्न टक्के आणि गणितात दीडशेपैकी एकसष्ट. तिचे वडील गल्लीभर सांगत फिरले. तिच्या आईनं अम्माच्या तोंडात साखर घातली. मी धावत ओट्यावर गेले.

नागमणी आतून माझी पुस्तकं घेऊन आली. सुतानं नीट बांधलेली होती. तिनं ती माझ्या हातात दिली.

"राहू दे की," मी म्हणाले. "मला काय करायचीत?"

"मलाही नकोत."

"नागमणी, झालं ना सगळं? पास झालीस. माझ्याबरोबर झालीस."

"झालं," ती म्हणाली. "माझं एक वर्ष गेलं, तुझं एक घेतलं. आता उद्यापासून येऊ नकोस."

"अजून राग आहे?"

तिनं खरोखर विचार केला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं.

"सर परके होते," ती म्हणाली. "त्यांचं मला काही वाटलं नाही."

ती आत गेली. मी पुस्तकं घेऊन ओट्यावर उभी राहिले. आतून तिच्या आईनं तिला काहीतरी विचारलं, आणि नागमणी म्हणाली, "कुणी नाही."

दोन वर्षांनी तिचं लग्न होऊन ती भिवंडीला गेली. तिथं तिनं बाहेरून बारावी केली आणि बालवाडीत शिकवते, असं तिच्या आईकडून कळलं. लग्नाला अख्खी गल्ली होती. मीही गेले होते. अक्षता टाकल्या, पंगतीत बसले. ती पाया पडत पडत एकेकाजवळून पुढं येत होती. अम्माच्या पाया पडली, अम्मानं तिचं तोंड कुरवाळलं. अम्माशेजारी मी होते. तिनं माझ्याकडं सरळ बघितलं, ओळख असलेल्या कुठल्याही बाईकडं बघावं तसं, जरा हसली, आणि माझ्या पलीकडच्या म्हातारीच्या पाया पडायला खाली वाकली.